‘मी लायक नाही’ हाही एक मान



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतून आज मुलेमुली कचेऱ्यांत, बँकांत, इस्पितळांत, महाविद्यालयांत आणि संगणकाच्या कंपन्यांत कामाला जात आहेत. पुष्कळ घरांत तर खुर्चीवर बसून पगार आणणारा हा पहिलाच माणूस आहे. आजोबा गावकीच्या कामात झिजले, बापाने गिरणीत किंवा दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढले आणि नातीच्या गळ्यात आज ओळखपत्र आहे. याचा आनंद आपण करतो आणि तो करावाच. परंतु या आनंदाच्या पोटात एक दुखणे लपून बसलेले असते. ते घरात कोणी बोलत नाही, म्हणून येथे बोलणे भाग आहे.

कामावर सारे सुरळीत असते. साहेब रागावलेला नसतो, काम तुंबलेले नसते, हिशेब जुळत असतो. तरीही मन आतून सांगत राहते की तू येथला नाहीस, चुकून आत आलास, आज ना उद्या हे यांच्या लक्षात येईल. कोणी शाबासकी दिली तर वाटते, याला खरे काय ते ठाऊक नाही. कोणी चूक दाखवली तर वाटते, अखेर कळलेच. म्हणजे शाबासकीही छळते आणि चूकही छळते. असा माणूस दुप्पट काम करतो, सगळ्यांच्या नंतर घरी जातो आणि बढतीची वेळ आली की गप्प बसतो.

मध्यंतरी विहारात प्रवचन संपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. एका बँकेच्या कर्ज विभागात त्या काम करतात. म्हणाल्या, “दादा, अकरा वर्षं झाली. अजून सकाळी शाखेचं शटर वर जाताना छातीत धस्स होतं. वाटतं, आज पकडली जाणार.” मी विचारले, “पकडली जाण्यासारखं केलंत तरी काय?” त्या म्हणाल्या, “काहीच नाही. तेच तर कुणाला सांगता येत नाही.” केलेली बेरीज त्या तीनदा तपासतात. अधिकारीपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अर्ज त्यांनी तीन वेळा आणला आणि तीनही वेळा तो भरला नाही. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली दोन मुले आज अधिकारी आहेत.

या अवस्थेला आता नाव मिळाले आहे. १९७८ साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. शिक्षणात आणि व्यवसायात यशस्वी झालेल्या अनेक स्त्रियांना, हातात पदव्या असूनही, आपण खऱ्या बुद्धिमान नाही, आपण लोकांची फसगत केली आहे, असे मनातून वाटते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. हल्ली कचेऱ्यांतून याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात. इम्पोस्टर म्हणजे आपला मराठी तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणारा एक तोतया निघाला होता, हे आपण ऐकले आहे. तो भाऊ नव्हता आणि ‘मी भाऊ’ म्हणत होता. आपल्या घरातील मुलीचे अगदी उलटे आहे. ती परीक्षा देऊन, कागद दाखवून, हक्काने त्या खुर्चीवर बसली आहे आणि ‘ही खुर्ची माझी नव्हे’ म्हणते आहे. तोतयाला रात्री झोप लागत असेल. हिला लागत नाही.

क्लान्स आणि आइम्स यांनी घरातले वळण आणि स्त्रीविषयीच्या समाजाच्या समजुती यांत कारणे शोधली. ती आपल्यालाही लागू आहेत, आणि आपल्या भगिनींना तर दुहेरी लागू आहेत. पण आपल्या दुखण्याचे मूळ त्याहून खोल गेलेले आहे. ज्या धर्मव्यवस्थेतून आपण बाहेर पडलो, तिने माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरविले. दुसऱ्याचे काम उत्तम करण्यापेक्षा आपले काम उणे झाले तरी तेच बरे, दुसऱ्याच्या कामात भय आहे, ही तिची उघड शिकवण होती. शंबुकाचा अपराध कोणता? त्याने कोणाचे काही चोरले नाही. आपल्याला नेमून न दिलेले काम त्याने केले, एवढाच. हजारो वर्षे ज्यांना सांगितले गेले की ‘नेमून दिलेल्या जागेबाहेर दिसलास तर तू चोर’, त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या मेजाशी बसल्यावर चोरासारखे वाटावे, यात नवल कसले? ही तुमच्या मनाची दुर्बलता नाही. तो जुना पहारेकरी आहे. देवळाच्या पायरीवरून आणि पाणवठ्यावरून आपण त्याला हटविले; तो आत येऊन बसला.

एकलव्याची कथा आपण नेहमी सांगतो, द्रोणाचार्याला नावे ठेवतो. आज कोणी अंगठा मागत नाही. अर्ज भरण्याची तारीख आपण आपणहून जाऊ देतो.

यात भर घालतो तो टोमणा. ‘कोट्यातले आहेत.’ तो कधी तोंडावर येतो, कधी चहाच्या टेबलावर आपण गेल्यावर थांबलेल्या बोलण्यातून येतो. त्याच कचेरीत वशिल्याने आलेला एखादा असतो, मामाच्या चिठ्ठीने लागलेला असतो; वशिल्याच्या तट्टाला मात्र कधी छातीत धस्स होत नाही! आणि कागदोपत्रीही पाहा. महाराष्ट्रात राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. खोट्या दाखल्यांवर आपल्या जागा लाटल्या गेल्या, म्हणून ही व्यवस्था आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. पण आजोबांच्या शाळेतील नोंदीसाठी या गावाहून त्या गावाला हेलपाटे घालणाऱ्या मुलाच्या मनावर काय ठसते? आपण खरे आहोत हे इतरांना सिद्ध करावे लागत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. ते प्रमाणपत्र मिळते, फाइलीत लागते, आणि मनातली पडताळणी मात्र जन्मभर चालू राहते.

राखीव जागा ही भीक नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. ज्यांना आत येऊच दिले नव्हते, त्यांच्यासाठी दार उघडावयास लावण्याचा तो उपाय होता. दार उघडणाऱ्याने आतले काम करून दिले नाही. ते करणाऱ्यानेच केले. प्रवेशाच्या दिवशी तुमचे गुण पाचाने कमी असतील. असू द्या. त्यानंतरच्या अकरा वर्षांचे काम कोणत्या सवलतीत झाले? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास केला. राखीव जागांवरील कर्मचाऱ्यांमुळे रेल्वेची कार्यक्षमता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट वरच्या दोन श्रेणींत त्यांचा वाटा वाढला तेथे काही बाबतींत ती सुधारल्याच्या खुणा दिसल्या. टोमणा मारणाऱ्याला हे ठाऊक नसते. आपल्याला तरी असावे.

तथापि आकडे दाखवून मन शांत होत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्या भगिनींना मी हे सर्व सांगितले असते तर त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी शटर वर जाताना पुन्हा धस्स झाले असते. म्हणून आता धम्माकडे वळू.

तथागतांनी मनाला बांधून ठेवणारी दहा संयोजने सांगितली आहेत. त्यांतले आठवे संयोजन म्हणजे मान. मान म्हटले की आपल्यापुढे छाती फुगवून चालणारा गर्विष्ठ माणूस उभा राहतो. पण धम्मात या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी उभे करून मोजणे म्हणजे मान. मोजून ‘मी श्रेष्ठ’ म्हटले तर तो मान. ‘मी बरोबरीचा’ म्हटले तरी तो मान. आणि ‘मी हीन’ म्हटले तरी तोही मानच. याला हीनमान म्हणतात. अभिधम्मात याचे आणखी बारीक पृथक्करण आहे. श्रेष्ठ असलेल्याने, समान असलेल्याने आणि हीन असलेल्याने स्वतःला या तीन तऱ्हांनी मोजणे, असे नऊ प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांतला एक प्रकार असा, की माणूस वस्तुतः श्रेष्ठ असतो आणि तरी ‘मी हीन आहे’ असे धरून बसतो. १९७८ सालच्या निबंधाआधी दोन हजार वर्षांहून अधिक काळ ही नोंद आपल्या पिटकात आहे.

हे ऐकून काहींना धक्का बसेल. ‘आम्ही स्वतःला कमी समजतो, ही आमची नम्रता आहे, तिला अहंकाराच्या पंक्तीत कसे बसवता?’ असे ते म्हणतील. नम्र माणसाचे मन कामाकडे असते. हीनमानी माणसाचे मन दिवसभर स्वतःकडे असते. मी कसा दिसलो, मी बोललो ते चुकले काय, माझ्याविषयी कोणाला काय वाटले, हीच जपमाळ. समोर कर्ज मागायला आलेला शेतकरी उभा आहे, त्याचा सातबारा पाहावयाचा आहे, आणि आपण आपलीच पडताळणी करीत बसलो आहोत. ‘मी’ येथेही मोठाच आहे. फक्त त्याने तोंड खाली घातले आहे. आणि ज्या व्यवस्थेने माणसे उतरंडीसारखी एकावर एक रचली, तिचा सारा डोलारा या मोजण्यावरच उभा आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला वर कोणी आहे आणि खाली कोणी आहे. प्रत्येकजण मोजतो आहे. आपण ‘मी हीन’ म्हणतो तेव्हा त्या उतरंडीतले आपले जुने मडके आपणच उचलून पुन्हा जागेवर ठेवतो.

येथे कोणी विचारील, ‘मी बरोबरीचा’ हाही मान असेल तर समतेचे काय? दीक्षाभूमीवर १९५६ साली बावीस प्रतिज्ञांत आपण समता स्वीकारली ती कशासाठी? प्रश्न योग्य आहे. कायद्यात, वागणुकीत, संधीत समता असणे ही समाजाची रचना आहे. तिच्यासाठी लढावेच लागेल. पण समता एकदा मान्य केल्यावर दर तासाला फूटपट्टी घेऊन मी बरोबरीला पोचलो की नाही हे पाहत बसणे म्हणजे ती मान्य न करणेच आहे. सर्व माणसे समान आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘सर्व’मध्ये आपण स्वतःही येतो. पुष्कळ उपासक येथे चुकतात. ते जगाला समान मानतात आणि स्वतःला तेवढे वगळतात.

आता बाबासाहेबांचे एक उदाहरण सांगतो. त्यांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीला वाचतो. ती ऐकून मुलांना स्फूर्ती मिळते, पण खरे सांगावयाचे तर काही मुले दबूनही जातात. एवढे आपल्याच्याने कसे व्हावे, असे त्यांना वाटते. म्हणून पदव्या बाजूला ठेवा आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी केलेले भाषण पाहा. त्यात त्यांनी सांगितले की, आपण या सभेत आलो ते अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे कोणतीही आकांक्षा न धरता. मसुदा समितीवर निवड झाली याचे आपल्याला आश्चर्य वाटले, आणि समितीने अध्यक्ष केले तेव्हा तर त्याहून अधिक वाटले. समितीत आपल्यापेक्षा मोठी आणि अधिक समर्थ माणसे होती, असेही ते म्हणाले आणि सर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे नाव त्यांनी घेतले.

‘माझ्याहून लायक माणसे येथे होती’, हेच वाक्य त्या बँकेतल्या भगिनींच्याही तोंडी आहे. मग फरक कोठे? बाबासाहेबांनी त्या वाक्याला ‘म्हणून मी येथे नसावे’ हे शेपूट जोडले नाही. ते अध्यक्षपदावर बसले आणि कामाला लागले. मसुदा समितीच्या १४१ दिवस बैठका झाल्या. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे देण्याचा मुख्य भार बाबासाहेबांवर होता. समितीचे एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेला सांगितले होते की, सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एक मरण पावला, एक अमेरिकेत होता, एक संस्थानी कामात गुंतला होता, एकदोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते, आणि मसुद्याचे ओझे अखेर डॉ. आंबेडकरांवर येऊन पडले. समर्थ माणसे होती हे खरे. पण रोज बसणारा माणूस हा होता. आणि ज्यांना अधिक कळत होते त्यांच्याकडून त्यांनी घेतले. त्याच भाषणात सर बी. एन. राव आणि मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या श्रमांचा त्यांनी मोकळ्या मनाने उल्लेख केला. दुसऱ्याचे ज्ञान मान्य करावयाला त्यांना लाज वाटली नाही, कारण ते मान्य केल्याने आपली खुर्ची डळमळते असे त्यांना वाटत नव्हते.

हीनमानी माणूस नेमके हेच करू शकत नाही. तो विचारीत नाही. विचारले तर उघडे पडू, या भीतीने तो न समजलेल्या परिपत्रकावर मान डोलावतो, घरी येऊन रात्री अकरापर्यंत त्याच्याशी झटतो, आणि तरी एखादा मुद्दा राहूनच जातो. म्हणजे जे अज्ञान मुळात नव्हते किंवा दोन मिनिटांत गेले असते, ते या भीतीने निर्माण केले. म्हणून मनाला धस्स झाले की पहिला प्रश्न असा विचारा : मला नेमके काय येत नाही? उत्तरात एखादी वस्तू आली, नवी संगणकप्रणाली, इंग्रजीतला पत्रव्यवहार, थकीत कर्जाचे नियम, तर तो हीनमान नव्हे. ती शिकण्याची गोष्ट आहे, ती शिकून घ्यावी. सम्यक् व्यायाम म्हणतात तो हाच; जे कुशल अजून उपजलेले नाही ते उपजविणे. आणि उत्तरात कोणतीच वस्तू आली नाही, नुसता ‘मी’ आला, तर समजावे की हा जुना पहारेकरी बोलतो आहे. त्याच्याशी वाद घालू नये. श्वासाकडे लक्ष द्यावे, हा विचार आला आहे आणि जाईल असे पाहावे, आणि समोरचा कागद हातात घ्यावा.

पकडले जाण्याच्या भीतीवर भिक्षुसंघात एक विलक्षण विधी आहे, त्याची माहिती आपल्या घरांत कमी आहे. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला भिक्षू एकत्र बसतात आणि प्रत्येकजण संघाला विनंती करतो की, माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका तुम्हाला आली असेल, तर करुणेने मला सांगा. मी तो सुधारीन. याला पवारणा म्हणतात. खुद्द भगवंतांनीही संघासमोर अशी पवारणा केल्याची नोंद आहे. जो स्वतःच ‘माझी चूक सांगा’ म्हणून पुढे येतो, त्याला पकडणार कोण आणि कसे? कचेरीत एक कल्याणमित्र शोधा. तो आपल्याच समाजाचा असला पाहिजे असे नाही, पण मनाचा स्वच्छ असला पाहिजे. महिन्यातून एकदा त्याला विचारा, माझ्या कामात काय उणे दिसते. तो दोन गोष्टी सांगेल. ज्या दोनशे गोष्टी तुमचे मन रात्री सांगत होते, त्यांतली एकही त्यांत बहुधा नसेल.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण तिला बगल देता येत नाही. कित्येकजण कामाच्या ठिकाणी आपण बौद्ध आहोत हे लपवितात. आडनाव आखडून सांगतात, गाव विचारले तर तालुक्याचे नाव सांगतात, चौदा एप्रिलची सुट्टी ‘लग्न आहे’ म्हणून घेतात. भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून हे करावे लागते, हे मी जाणतो. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. पण त्याचा परिणाम पाहा. जो खरा होता त्याच्याजवळ आता खरोखरच लपविण्याची वस्तू झाली. उघडे पडण्याची भीती पूर्वी निराधार होती, तिला आता आधार मिळाला. पंचशीलातील चौथे शील आपण ‘मुसावादा’ म्हणून घेतो ते जगाच्या सोयीसाठी नाही. खोटे न बोलणाऱ्याला स्वतःच्या सावलीची भीती राहत नाही, म्हणून घेतो. एकदम सर्वांसमोर सांगता येत नसेल तर एका माणसाला सांगा. तेवढ्यानेही छातीवरचा दगड हलतो.

नव्याने दीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांना हीच शंका धम्माविषयीही येते, तेव्हा ओघाने सांगतो. ‘आम्हाला पालि येत नाही, वंदना पाठ नाही, म्हातारीच्या गाठोड्यात अजून जुना टाक आहे; आम्ही कसले बौद्ध?’ त्रिसरण घेतले, शील पाळण्याचा यत्न चालू आहे, तर बौद्धच. पाठांतर होईल सावकाश.

घरच्या माणसांनीही एक पथ्य पाळावे. मुलगा साहेब झाला, मुलगी डॉक्टर झाली, की आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावतो आणि साऱ्या भावकीपुढे त्यांचे गोडवे गातो. मग ती घरी येऊन ‘आज मला भीती वाटली’ हे कोणाला सांगणार? बाप गिरणीतून आला की पाय दुखतात म्हणून सांगू शकत होता. लेकीचे मन दुखते, ते सांगावयाला घरात जागा ठेवा. आईला परिपत्रकातले कळत नसेल, पण ऐकण्याला इंग्रजी लागत नाही.

एवढे सांगितल्यावर एक इशारा दिलाच पाहिजे. सगळेच मनात असते असे नव्हे. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या मेजावर फायली दुरून फेकीत असत, आणि राहावयाला जागा नसल्याने ते ज्या पारशी धर्मशाळेत उतरले होते तेथून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेथे ध्यानाला बसून प्रश्न सुटणार नव्हता. दोष त्यांच्या मनात नव्हता, बडोद्यात होता. तुमच्या कचेरीत जातीवरून अपमान होत असेल, मुद्दाम खालचे काम दिले जात असेल, गोपनीय अहवाल हेतुपुरस्सर बिघडविला जात असेल, तर त्याला हीनमान म्हणून गिळू नका. तारीखवार लिहून ठेवा, संघटनेकडे जा, लेखी तक्रार करा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि अनुसूचित जाती आयोग त्यासाठीच आहेत. मनातला पहारेकरी आणि दारातला पहारेकरी हे दोन वेगळे आहेत, त्यांच्याशी लढण्याच्या तऱ्हाही वेगळ्या.

उपालींना या दोघांचीही ओळख होती. ते शाक्य राजपुत्रांचे न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा राज्याच्या सीमेपलीकडे त्यांनी आपले अलंकार उतरविले, उपरण्यात बांधले आणि उपालींना दिले; म्हणाले, हे तुझ्या निर्वाहाला पुरेल, तू आता परत जा. उपाली गाठोडे घेऊन परत निघाले. वाटेत त्यांच्या मनात आले, शाक्य मोठे तापट आहेत. राजपुत्रांचा घात यानेच केला असे म्हणून ते मला मारून टाकतील. अलंकार खरे होते, हातात दिलेले होते, हक्काचे होते. पण न्हाव्याच्या हाती सोने दिसले तर ते त्याचे असेल यावर कोण विश्वास ठेवणार? ही भीती भ्रम नव्हता. उपालींनी गाठोडे सोडले, झाडाला टांगले, ज्याला दिसेल त्याने न्यावे असे म्हटले, आणि ते राजपुत्रांच्या मागे चालू लागले. ‘राजपुत्र प्रव्रजित होतात तर मी का होऊ नये’, एवढाच विचार त्यांच्याजवळ होता.

राजपुत्रांनी भगवंतांना विनविले की, आम्ही शाक्य मानी आहोत, आमचा मान उतरावा म्हणून या उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या. म्हणजे आम्ही त्याला वंदन करू. भगवंतांनी तसेच केले. राजपुत्रांचा मान त्या वंदनेने उतरला. उपालींचा हीनमान कसा उतरला, हे कोठे सांगितलेले नाही. एवढे मात्र नोंदलेले आहे की पुढे विनयात त्यांच्या तोडीचा कोणी राहिला नाही, आणि स्वतः भगवंतांनी विनयधरांत त्यांना अग्रस्थान दिले.

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहास पाचशे भिक्षूंची पहिली संगीती भरली. ब्राह्मण कुळातून आलेले महाकश्यप अध्यक्षस्थानी होते, शाक्य राजपुत्र आनंद सभेत बसले होते. विनय कोणाला विचारावयाचा, हे ठरलेलेच होते. उपाली पुढे आसनावर येऊन बसले. महाकश्यपांनी विचारले, पहिला पाराजिक नियम कोठे घातला गेला? उपालींनी सांगितले, वैशालीस. कोणामुळे? सुदिन्नामुळे. कोणत्या प्रसंगी? तेही त्यांनी सांगितले. मग दुसरा नियम, मग तिसरा. महाकश्यप विचारीत गेले आणि उपाली सांगत गेले.